कोपऱ्यात उरलेले पाणी

 कुंपणाच्या जाळीत बोटे अडकवून पांढऱ्या कपड्यांतली वयस्क माणसे ओळीने उभी होती आणि सगळ्यांची नजर एकाच जागी खिळली होती. सकाळी टेनिस कोर्टावर सोडलेले पाणी उताराने केव्हाच निघून गेले होते. मागचा ओलावा उन्हाने पुसून नेला होता. त्या विटक्या, भेगाळलेल्या हिरव्या पटावर आता एकाच ठिकाणी पाणी शिल्लक होते. पलीकडच्या बाजूला, शेवटच्या रेषेच्या जरा अलीकडे, डाव्या कोपऱ्यात. मोठ्या ताटाएवढे. त्यात आभाळाचा एक तुकडा निर्लज्जपणे पहुडला होता.

मिस्त्री वाकला आणि त्याने पाण्याच्या काठाकाठाने खडूची रेघ ओढली. त्या शांततेत खडूची खरखर एखाद्याने दात खावेत तशी ऐकू आली.

"हा तर..." दातांचे डॉक्टर म्हणाले आणि थांबले. मग त्यांना राहवले नाही. "हा तर तुमचाच कोपरा की हो, मनगटराव!"

कोणी हसले असते तर बरे झाले असते. मनगटरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यानेही पाणी हलले नाही.

"ऊन वाढलं," ते कोणालाच उद्देशून नाही असे म्हणाले.

नेटच्या रिकाम्या खांबाला टेकून जावई हे पाहत होता. कोर्टाच्या दुरुस्तीचे काम त्याचे होते. पाणीही त्यानेच सोडले होते. दुरुस्तीला हात घालण्याआधी कोर्टाची अशी परीक्षा घेतात. सपाट जमीन पाणी धरून ठेवत नाही. जिथे ते उरते, तिथे जमीन खचलेली असते. यात न्याय करणारा माणूस नसतो, म्हणून लाच नसते आणि दयाही नसते. जावयाला आपल्या धंद्यातली हीच एक गोष्ट मनापासून आवडे.

आज तर त्याला ती कवितेसारखी वाटली. कारण त्या कोपऱ्यावर एका माणसाची आख्खी कीर्ती उभी होती, आणि तो माणूस त्याचा सासरा होता.

उद्यानात त्यांना मनगटराव म्हणत. खरे नाव कोणी घेत नसे, आणि त्यांनाही ते फारसे आवडत नसावे. त्यांचा एक फटका होता. लांब, संथ, दिसायला अगदी निरुपद्रवी. चेंडू नेटवरून आळसावल्यासारखा जाई, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात पडे आणि तिथेच मरे. समोरचा गुडघ्याच्या उंचीवर रॅकेट धरून उभा राही आणि चेंडू त्याच्या घोट्याशी लोळण घेई. "मनगट आहे, मनगट!" म्हातारे ओरडत. त्या मनगटाच्या जोरावर घराच्या बोळात एक काचेचे कपाट उभे होते आणि कपाटात करंडक होते: एक नळाच्या दुकानाने दिलेला, एक चष्म्याच्या कंपनीने, एक कोणी दिला हे अक्षरे झिजल्यामुळे कळत नव्हते. बोळ अरुंद होता. जावयाला रोज त्या कपाटासमोरून अंग चोरून जावे लागे.

घर मनगटरावांचे होते. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा मुलगी आणि जावई तात्पुरते म्हणून राहायला आले. सासूबाई गेल्या, तात्पुरतेपणाही कुठेतरी गेला, आणि जावई घरजावई झाला. तो शब्द घरात कोणी उच्चारत नसे. मनगटरावांकडे त्याहून सोपा शब्द होता. जावई लग्न ठरवायला आला तेव्हा त्यांनी विचारले होते, "खेळता का आपण?"

"नाही. मी कोर्टं करतो. भेगा भरायच्या, नवा थर द्यायचा, रेषा मारायच्या."

"म्हणजे रंगारी," मनगटराव प्रसन्न होऊन म्हणाले होते, एखादे कोडे सुटावे तसे.

तेव्हापासून तो रंगारी होता. पाहुण्यांसमोर "आमचे रंगारीबुवा". जेवताना मनगटराव चमच्याने तो फटका करून दाखवत आणि विचारत, "कळलं का, रंगारीबुवा? हे बादलीत मिळत नाही." जावई हसे. हसण्याची ती कवायत त्याने इतकी वर्षे केली होती की त्याच्या गालांना वेगळेच वळण पडले होते. आत मात्र तिरस्काराचा एक थर वाळत होता, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. सगळे घट्ट, गुळगुळीत, एकही बुडबुडा नसलेले. त्या बाबतीत तो खरोखरच कसबी कारागीर होता.

त्याला फार काही नको होते. या माणसाने कधीतरी त्याच्यापुढे शब्द टाकावा, एवढेच. आपले काहीतरी जावयाच्या हातात आहे, हे एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणावे.

रात्रीच्या जेवणाला चमचा नुसता चमचा होता. मनगटराव खाली मान घालून जेवले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. स्वयंपाकघरात बायको ताटे पुसत होती. ती चष्म्याची भिंगे घासण्याचे काम करी. ताटेही भिंगांसारखी उजेडाकडे धरून पाही.

"त्यांना माहीत होतं," जावई म्हणाला.

"काय?"

"खड्डा. स्वतः त्या बाजूला असले की पुढं धावत येऊन चेंडू हवेतच घेतात ना? सगळे म्हणतात, काय धाडस! धाडस कसलं डोंबलाचं? त्या कोपऱ्यात टप्पा पडू द्यायचा नाही, एवढंच."

"मग?"

"मग काय? डांबर खचलंय खाली, आणि हा गृहस्थ मनगटाचा टेंभा मिरवतोय."

"हळू. बाहेर आहेत ते."

"ऐकू दे."

तिने ताट खाली ठेवले. "आई गेली. नोकरी संपली. सकाळी उठून बूट घालायला त्यांच्याकडे एक कारण उरलंय. तेही बुजवून टाकणार तू?"

"माझं कामच आहे ते."

"असेल. एक कोपरा राहिला तर जग बुडत नाही."

"मग हे त्यांनी मला सांगावं. त्यांच्या तोंडानं."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. भिंगात कुठे ओरखडा आहे ते शोधावे तशी. "तुला खड्डा बुजवायचा नाहीये," ती म्हणाली. "तुला त्यात त्यांना उभं करून बघायचंय."

 ती चुकत होती असे त्याला वाटले नाही. फक्त, हे इतक्या साध्या शब्दांत सांगता येते याचे त्याला वाईट वाटले.

मनगटराव आले ते कोर्ट धुवून झाल्यावर, मिस्त्री भेगांमधली माती खरवडत असताना. अंगात पांढरे कपडे नव्हते. साध्या तपकिरी विजारीत ते एकदम कोणीही दिसत होते: बसच्या रांगेतले, दवाखान्याच्या बाकावरचे, कोणाच्याही नजरेत न भरणारे कोणीही.

"काय म्हणतंय काम, जावईबापू?"

मिस्त्रीने मान वर केली. त्यानेही हे संबोधन पहिल्यांदाच ऐकले होते.

"चाललंय, बाबा."

"भेगा फार पडल्या होत्या, नाही?"

"होत्या."

"झाडांच्या मुळांनी असेल."

"झाडं त्या बाजूला आहेत. भेगा या बाजूला."

"हो का? हो, बरोबर." मनगटरावांनी झाडांकडे पाहून घेतले, जणू त्यांनी आयत्या वेळी साक्ष फिरवली होती. "हल्ली निळा रंग देतात म्हणे."

"उद्यान खात्याच्या साहेबांना हिरवाच हवाय."

"हिरवा बरा. डोळ्यांना थंड." थोडा वेळ ते मिस्त्रीचे खरवडणे पाहत राहिले. "उतार ठेवावाच लागत असेल ना थोडा? पाणी जायला?"

"उतार वेगळा. खड्डा वेगळा."

"म्हणजे आता सगळं सारखं होणार."

"कोर्ट सारखंच असतं, बाबा. नाहीतर त्याला शेत म्हणतात."

मनगटराव हसले. ते हसू जावयाने लगेच ओळखले. ते त्याचेच होते. इतक्या वर्षांच्या जेवणांतले, चमच्यासमोरचे. आपल्या गालांवरचे वळण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पडलेले पाहण्यात जे क्रूर सुख असते, ते त्याने सावकाश चाखले. घाई कशाला? तो माणूस आता कुठे जाणार होता?

"नाही, म्हटलं..." मनगटराव चाचरले. "एखादी जागा जराशी राहिली तर... चालत नाही का?"

"कुठली जागा?"

मनगटरावांनी चपलेच्या टोकाने दाखवली. "ही."

"हीच का बरं?"

आता त्यांनी जावयाकडे सरळ पाहिले. डोळे पाणावले वगैरे नव्हते. उलट ते कोरडे होते, फार दिवस बंद असलेल्या खोलीसारखे.

"सवय आहे," ते म्हणाले.

शब्द पडला होता. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली तो हा, आणि किती लहान! जावयाला वाटले होते, हा क्षण येईल तेव्हा आत काहीतरी मोठे कोसळेल, निदान आवाज तरी होईल. तसे काहीच झाले नाही. समोर तपकिरी विजारीतला एक म्हातारा उभा होता आणि आपला खड्डा परत मागत होता. त्याची कीव करणेसुद्धा अंगावर येण्यासारखे होते.

"बघतो," जावई म्हणाला आणि पाठ फिरवून कामाला लागला.

मिस्त्रीने हातोडीच्या दांड्याने कोपरा ठोकून पाहिला. ठक्, ठक्, आणि मग भोपळा वाजावा तसा पोकळ आवाज.

"खडी सुटलीय खाली," तो म्हणाला. "कापून काढावं लागणार."

"नको कापू."

"आँ?"

"वरूनच थर देऊ."

मिस्त्रीने आधी त्याच्याकडे, मग फाटकाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे पाहिले. "असं होय! सासऱ्यांच्या नावचा प्लॉट आहे म्हणा की हा. आपण नुसतं कुंपणाबाहेरून रामराम करायचा."

"तोंड आवर."

"आवरलं. पण हा थर उकलला ना, की लोक माझं नाव नाही घेणार हां, आधीच सांगतो. माझा हात नाही लागायचा याला."

"मी करतो."

"करा बापडे," मिस्त्री म्हणाला आणि दुसऱ्या टोकाच्या भेगेकडे निघून गेला. जाताना काहीतरी गुणगुणत होता.

जावई गुडघ्यांवर बसला. खड्डा भरला असता तर म्हातारा हरला असता. पण हरलेल्या माणसापाशी निदान एक शत्रू असतो, त्याला शिव्या देता येतात, त्याच्या नावाने जगता येते. खड्डा ठेवला तर काय उरणार होते? प्रत्येक जिंकलेल्या चेंडूमागे रंगाऱ्याची मेहेरबानी. म्हातारे "मनगट!" म्हणून ओरडतील आणि तो एकटाच माणूस आत कुठेतरी आक्रसेल. यापेक्षा स्वच्छ सूड जावयाला सुचत नव्हता. त्यात रक्त नव्हते, आवाज नव्हता, आणि जगाला तो उपकार दिसणार होता.

पण खड्डा राखणे सोपे नव्हते. पातळ रंगाचा थर आपोआप सखल भागाकडे धावतो, तिथे साचतो, तिथले उणे भरून काढतो. पदार्थांच्या स्वभावात एक प्रकारची भाबडी समता असते. जावयाला तिच्याशी झगडावे लागले. रबरी पट्टीने तो कोपऱ्यातला रंग पुन्हा पुन्हा बाहेर ओढत राहिला, कडा विरवत राहिला, उजेडाच्या दिशेने गाल जमिनीला टेकवून पाहत राहिला. थर वाळला की पुन्हा तेच. आयुष्यातले सर्वांत नाजूक काम तो एक दोष जपण्यासाठी करत होता, हे त्याच्या ध्यानात आले नाही असे नव्हते. ध्यानात आले आणि त्याला त्याचा अभिमान वाटला. आपल्या तिरस्काराला इतकी कलाकुसर येते, हे त्याला ठाऊक नव्हते.

उद्यान खात्याचे साहेब आले, फोनमधले एक चित्र त्यांनी कोर्टासमोर धरले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हिरवा जमलाय." मग ते सावलीत गेले. माणसे अशीही असतात की ज्यांचा तिरस्कार करायला वाकावे लागते. जावयाने तेवढी तसदी घेतली नाही.

त्या रात्री जेवताना त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि शांतपणे सांगितले, "ठेवलाय तुमचा कोपरा, बाबा. खेळा आता पोटभर."

बायकोने त्याच्याकडे झटकन पाहिले. मनगटरावांचा घास हातात राहिला.

"काय बोलतोयस?" ती म्हणाली.

"काय बोललो? त्यांनी मागितला, मी दिला. आपल्याच माणसाला नाही म्हणायचं का?"

मनगटरावांनी घास तोंडात घातला, तो बराच वेळ चावला, मग ते पाणी प्याले. "रेषा कधी मारणार?" त्यांनी विचारले.

"उद्या."

"सरळ मारा," ते म्हणाले आणि उठले.

कोर्ट खुले झाले त्या सकाळी पहिला सामना कोणाचा, हे कोणी ठरवले नाही. ते ठरलेलेच होते. एका बाजूला मनगटराव, दुसऱ्या बाजूला दातांचे डॉक्टर. डॉक्टर आजवर त्या कोपऱ्यात इतक्यांदा तोंडघशी पडले होते की त्यांच्या पराभवाला एक प्रकारची नोकरीतली नियमितता आली होती. जावई बाकावर बसला. इतर वेळी तो कोर्टाच्या कडेला उभा राही, कारण काम संपले की कारागिराने बसायचे नसते. आज तो मालकासारखा पाय पसरून बसला.

नवा हिरवा रंग ओल्या पानासारखा चकाकत होता, पांढऱ्या रेषा इतक्या धारदार होत्या की त्यांच्यावर बोट कापेल असे वाटावे. मनगटराव अलीकडच्या बाजूला होते. कोपरा त्यांच्या समोर होता. पहिला चेंडू आला. अगदी हवा तसा, संथ, कमरेच्या उंचीवर. त्यांचे मनगट वळले. सगळ्या म्हाताऱ्यांनी श्वास रोखला. चेंडू उजव्या कोपऱ्यात गेला.

डॉक्टरांनी तो सहज परतवला.

पुन्हा चेंडू आला आणि पुन्हा उजवीकडे गेला. मग मधोमध, मग नेटजवळ. एकदा डॉक्टर घसरून पडले, डावा कोपरा दार उघडे टाकलेल्या घरासारखा मोकळा होता. मनगटरावांनी चेंडू संथपणे नेटमध्ये मारला. बाकावर जावयाचे पसरलेले पाय हळूहळू आत आले.

बाजू बदलल्या. आता कोपरा मनगटरावांच्या मागे होता. दातांच्या डॉक्टरांनी ते पाणी पाहिले होते, ती खडूची रेघ पाहिली होती. आणि पोकळी शोधण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी सहज म्हणून एक चेंडू तिकडे टाकला. मनगटराव पुढे धावले नाहीत. ते जागच्या जागी थांबले आणि त्यांनी टप्पा पडू दिला. चेंडू पडला आणि मेला.

"अहो!" डॉक्टर ओरडले. "अहो, हे तसंच आहे की!"

कुंपणापाशी कुजबुज झाली. डॉक्टरांनी आणखी एक टाकला. तोही मेला. मग त्यांनी लाज सोडली. एकामागून एक चेंडू त्या कोपऱ्यात येत राहिले, आणि मनगटराव प्रत्येकासाठी नीट पावले टाकत जात, नीट रॅकेट मागे घेत, नीट वाट पाहत, आणि चेंडू त्यांच्या घोट्याशी लोळण घेई. ते खेळत होते म्हणावे तर खेळत नव्हते. ते दाखवत होते. प्रत्येक वेळी सगळ्यांच्या नजरा आधी कोपऱ्याकडे आणि मग बाकाकडे वळत होत्या.

"कसली दुरुस्ती म्हणायची ही?" कुंपणाबाहेरून कोणीतरी म्हणाले.

"वरून लिपलंय नुसतं," दुसरा म्हणाला. "एवढा मोठा खड्डा दिसला नाही होय?"

"रंगारीच तो. रंग दिला, झालं."

मिस्त्री नळापाशी उभा होता. त्याने रिकाम्या बादल्या एकात एक घातल्या आणि तो त्या उचलून दुसरीकडे घेऊन गेला.

जावयाला आपले कान तापल्याचे जाणवले. उठून सांगावे, की हे मी चुकून केलेले नाही, जाणूनबुजून केले आहे, इतक्या कौशल्याने की तुमच्या सात पिढ्यांना जमणार नाही? पण ते वाक्य मोठ्याने म्हणता येण्यासारखे नव्हते. असा एकही कारागीर नसेल ज्याने आपल्या बचावात ते म्हणावे. तो तसाच बसून राहिला आणि त्याने पहिल्यांदाच आपले काम दुसऱ्याच्या नजरेने पाहिले: एक अर्धवट, फसवे, चकचकीत काम.

मनगटराव हरले. सरळ, स्वच्छ, एकही वाद न घालता. डॉक्टरांनी नेटपाशी येऊन हात मिळवला. जिंकल्याचा आनंद लपवण्याचा त्यांचा प्रयत्न फार दुबळा होता. "जावयाचे कान धरा जरा, मनगटराव," ते म्हणाले. "घरच्याच कोर्टावर असं काम?"

"कोर्ट त्यांचं आहे," मनगटराव म्हणाले. "त्यांनाच विचारा."

पण कोणी विचारले नाही. म्हातारे हळूहळू पांगले. जाताना प्रत्येकाने बुटाच्या टोकाने तो कोपरा एकदा दाबून पाहिला. मनगटराव बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्यांनी मनगटावरची घामाची पट्टी काढली, पिळली, वाळत घातल्यासारखी गुडघ्यावर ठेवली. ते दमले होते. त्यांचा श्वास नाकातून शिटी वाजल्यासारखा येत होता.

जावई उठून त्यांच्यासमोर उभा राहिला.

"तुमच्यासाठी ठेवला होता तो," तो म्हणाला. आवाज जरा चढला, मग त्याने तो खाली आणला. "तुम्ही मागितलात. इथं येऊन, माझ्यापुढं उभं राहून मागितलात. मग एकदाही का नाही मारला तिथं?"

मनगटरावांनी पट्टीची घडी करून खिशात घातली.

"बाबा, मी काय विचारतोय? का नाही मारलात?"

त्यांनी वर पाहिले. जावई त्या चेहऱ्यावर राग शोधत होता. रागाला उत्तर देणे त्याला जमले असते. विजय शोधत होता, निदान थट्टा. "रंगारीबुवा" असे ते म्हणाले असते, तरी तो तिथल्या तिथे सुटला असता. मनगटरावांनी त्याच्याकडे इतकाच वेळ पाहिले जितका वेळ माणूस रस्ता ओलांडण्याआधी रस्त्याकडे पाहतो. मग बाकाला धरून ते उठले, रॅकेट काखेत मारली, नव्या पांढऱ्या रेषेवर पाय पडणार नाही असे लांब पाऊल टाकून ती ओलांडली, आणि फाटकातून बाहेर पडून चालू लागले.